तू केला नाहीस तो इंडेक्स

यशवंता, तुझी शोकसभा मोठी झाली. लांबलीही. अध्यक्षांनी तुला ‘संगणकमहर्षी’ म्हटलं तेव्हा मी सवयीने डावीकडे वळलो. असा एखादा शब्द व्यासपीठावरून सुटला की तू भुवई उचलायचास आणि मला हसू दाबण्यासाठी खोकावं लागायचं. त्या दिवशी डावीकडच्या खुर्चीवर तुझ्या फोटोला घालून उरलेले हार ठेवले होते. मी तरीही खोकलो. शेजारच्या गृहस्थांनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, मला भरून आलंय. भरून आलंच होतं म्हणा, पण खोकला त्याचा नव्हता.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं सभेत सांगून झालं, त्यामुळे मी त्यातून सुटलो. तुझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबायची हेही सांगितलं, आणि अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, तिला तिथे आपल्या मंडळानेच मानाने नेऊन बसवलं होतं. मला तुझ्याशी वेगळंच बोलायचंय. आपला एक वाद अर्ध्यावर राहिला, आणि त्या वादात माझ्या धाकट्या बहिणीचं, शैलाचं, लग्न अडकलेलं होतं. दवाखान्यात तू मला विचारलंस, “लोंढ्याच्या स्थळाचं काय केलास?” मी म्हटलं, “बघूया.” तू म्हणालास, “तुझं बघूया म्हंजे न्हाय.” मी काही बोलणार तेवढ्यात नर्सबाईंनी मला बाहेर काढलं. ते उत्तर द्यायचं राहिलंय.

पण त्याआधी वाद. तू असतास तर म्हणाला असतास, पहिल्यापासून सांग, मधूनच सुरू करून स्वतःला जिंकवू नकोस.

पहिल्यापासून म्हणजे बेळगावातल्या आपल्या मंडळाचं वाचनालय. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बिनपगारी ग्रंथपाल, तू कॉलेजात गणित शिकणारा, पिरनवाडीहून सायकल मारत येणारा. तू येऊन एका पुस्तकाचं नाव घेतलंस आणि ते कुठे मिळेल असं विचारलंस. मी विचारलं, “दिलंय कुणी ते ठाऊक हाय?”

“लिवलंय कुणी ते ठाऊक हाय.”

“त्याचा उपयोग न्हाय.”

तू इतक्या मोठ्याने हसलास की पेपर वाचणाऱ्या पेन्शनरांनी माना वर केल्या. पण खरंच उपयोग नव्हता. आमच्याकडे पुस्तकं देणगीदारांच्या नावाने लावलेली असत. प्रत्येक कपाटावर पितळी पाटी, आणि त्या घराण्याची पुस्तकं त्या कपाटात एकत्र. एका घराण्याचं शेतीचं पुस्तक दुसऱ्या घराण्याच्या नाटकाशेजारी ठेवलं म्हणून एक देणगीदार कपाट परत मागायला आला होता. पुस्तक हवं असलं की मी पहिल्या कपाटापासून शेवटच्या कपाटापर्यंत कणे वाचत जायचो. सापडलं तर नशीब.

पुस्तकांना हात न लावता तू ते सोडवलंस. प्रत्येक पुस्तकाची तीन कार्डं केलीस: एक लेखकाच्या नावाने, एक पुस्तकाच्या, एक विषयाच्या. प्रत्येकावर कपाट आणि फळी. कार्डं तीन खणांत अक्षरांप्रमाणे लावलीस. “पुस्तक जागचं हलवायचं न्हाय,” तू म्हणालास, “पाटी बी काढायची न्हाय. कुठं हाय त्येचा पत्ता तेवढा तीन ठिकाणी लिवायचा. म्हंजे तुझ्या देणगीदाराचा मान बी ऱ्हातो आणि मला पुस्तक बी गावतं.” नवं पुस्तक आलं की मला तीन कार्डं लिहावी लागत, म्हणून मी कुरकुरायचो. तू म्हणायचास, शोधताना वाचलेला वेळ आधी लिहिताना भरावाच लागतो, फुकट कुठे काय मिळतं?

पुढे दहा-बारा वर्षांनी कॉम्प्युटरसमोर बसून मी तुला इंडेक्स म्हणजे काय असं विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालास, “ती खणातली कार्डं.” तुला मला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

मंडळाच्या वधू-वर विभागातली गोष्ट मात्र उलटी होती. तिथे नोंदींची कार्डं बुटांच्या खोक्यांत ठेवलेली, आणि खोकी जातीप्रमाणे. वर्धापनदिनाला वरच्या सभागृहात अध्यक्ष टेबलावर मूठ आपटून सांगायचे, या सीमेवर मराठी माणूस तेवढा एक, इथे जात नाही, पात नाही. बरोबर त्यांच्या पायाखाली, तळमजल्यावर, ती खोकी. तुमच्या लोकांचं खोकं तर शेजारच्या खोलीत होतं, झाडू आणि सतरंज्यांच्या कपाटावर. तू ते पाहिलंस त्या दिवशी मी काहीतरी सारवासारव करायला गेलो, जागा कमी आहे वगैरे. तू म्हणालास, “सतरंज्या चांगल्या हाईत रं,” आणि चहाला चल म्हणालास. खोकं कुणी हलवलं ठाऊक नाही, पण पुढच्या आठवड्यात ते बाकीच्यांच्या रांगेत होतं. मी नाही हलवलं. तूही नाही म्हणालास. तुझ्या त्या ‘नाही’वर मी कधीच विश्वास ठेवला नाही.

मग कॉम्प्युटर आला. हुबळीच्या कुणा व्यापाऱ्याने दिला. उद्घाटनाला आठवतंय? धूळ नको म्हणून सगळ्यांना चपला काढायला लावल्या, आमदारांनासुद्धा. आत एसीची गारठलेली खोली, आणि तिथे भटजींनी उदबत्त्यांचा जुडगा पेटवला, मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि की-बोर्डवर अक्षता टाकल्या. तू संध्याकाळपर्यंत चिमट्याने तांदूळ काढत बसला होतास. अध्यक्षांची अट होती की पहिली नोंद त्यांच्या पुतण्याची हवी. तू लगेच हो म्हणालास. मला राग आला. तू म्हणालास, “यक लंबर घेऊ दे की. इंडेक्स लावला की पुतण्या आपल्या गावाच्या रांगेत जाऊन हुबारतो, कुणाला कळत बी न्हाय.” पुतण्या अजून एक नंबरवर आहे आणि अजून बिनलग्नाचा आहे.

खोक्यांतली कार्डं तू मुद्दाम मिसळून मशीनवर चढवायला दिलीस. हे मुद्दाम होतं हे मी तेव्हाच ओळखलं होतं. तू म्हणालास, टायपिंगच्या बायका कार्डं हाताला येतील तशी टाईप करतात. बरं.

पहिल्यांदा इंडेक्स असा काही नव्हताच. एक नोंद शोधायची म्हटलं की मशीन पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत चालत जायचं, जसा मी कपाटांपुढून जायचो. कार्यकारिणीने ठराव केला की नावावरून ताबडतोब शोधता आलं पाहिजे. नावाने फारसं कुणी गाळलं जाणार नाही, हे तू सांगून बघितलंस. ठराव झालाच होता, म्हणून तू वरांच्या पहिल्या नावावर इंडेक्स करून दिलास. चिटणीसांनी थाटात नाव टाईप केलं: बाळासाहेब. उत्तर खरोखर क्षणात आलं, आणि थांबेचना. प्रिंटर कर्रकर्र करत कागद ओकत राहिला. या जिल्ह्यात बाळासाहेब, आण्णासाहेब आणि आप्पासाहेब सोडून उरलेली मुलं जन्मतात तरी का, असा प्रश्न पडावा. चिटणीस कागदाची पट्टी हातात गोळा करत म्हणाले, “यशवंतराव, ह्यातला आमचा बाळासाहेब कंचा?”

मग तू तुझ्या पद्धतीने केलंस. गाव आणि जन्मसाल मिळून एक, शिक्षणावर एक. “ज्येनं लई माणसं गाळून थोडी उरतात, तिथंच इंडेक्स कामाचा,” हे वाक्य मी तुझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की तुझ्या फोटोखाली तेच लिहावं असं सुचवणार होतो. त्यांनी ‘अमर रहे’ लिहिलं. पण त्या दिवशी खानापूरची, अमुक सालची, बीएड झालेली असं विचारलं आणि चहा पिऊन येईपर्यंत चालणारं काम बोट उचलायच्या आत झालं, तेव्हा अध्यक्षसुद्धा गप्प झाले. अध्यक्ष गप्प झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

आणि मग ते म्हणाले, “आता जातीवर करा.”

तू म्हणालास, “न्हाय.”

मग घाईने कारण दिलंस. जाती मोजक्या, एकेकीत शेकडो माणसं, असल्या खान्यावर इंडेक्स करून फारसं गाळलं जात नाही, उगीच नवी नोंद घालायला वेळ लागतो आणि डिस्कवरची जागा जाते. कारण खरं होतं. इतकं सोयीचं खरं कारण मला नेहमीच संशयास्पद वाटत आलंय. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “शेकडो असले तरी हजारोंपेक्षा बरेच की. निम्म्याहून जास्त वेळ वाचंल.”

“वाचंल.”

“मग?”

“मग कशाला वाचवायचा?”

इथून आपला वाद सुरू झाला, तो तू अंथरूण धरेपर्यंत. माझं म्हणणं साधं होतं. लोक जात विचारणारच. त्यांना तू थांबवू शकत नाहीस, फक्त ताटकळवू शकतोस. खेड्यातून दोन बस बदलून आलेल्या माणसाला बाकावर बसवून ठेवल्याने क्रांती होत नाही, त्याची परतीची बस चुकते. यंत्राने काम करावं, उपदेश करू नये. वर तू आणखी एक केलं होतंस: शोध चालू असताना समोरून जाणारी प्रत्येक नोंद पडद्यावर दिसायची, नाव, गाव, शिक्षण, अपेक्षा. त्यामुळे मशीन आणखीच रखडायचं. ते तरी बंद कर म्हटलं तर तू म्हणालास, “मशीन जित्तं हाय का मेलंय कळाय नको व्हय लोकास्नी?”

एक बाप आठवतो, खानापूरकडचा, धोतरवाला, मुलीला घेऊन आलेला. त्याने जात सांगितली. मशीन चालू लागलं.

“लई येळ लागंल काय?”

“चहा पिऊन या,” तू म्हणालास.

“आमचा नंदी बरा की ह्येच्यापेक्षा. मान तर लगीच हलवतोय.”

“नंदी सगळ्यालाच व्हय म्हंतोय, मामा. ह्ये न्हाय बी म्हंतंय.”

बाप हसत चहाला गेला. सगळेच बाप जायचे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने तुझ्या फोटोला हार घालायला हवा होता, आणि त्याने घातलाही. मी म्हणायचो, बघ, थांबून कुणी दुसऱ्याची नोंद वाचत नाही, सगळे चहाला जातात. तू मला कधी उलट बोलला नाहीस. एकदाच, त्या धोतरवाल्याच्या वेळी, म्हणालास, “बापच जातात रं. पोरी बसत्यात.”

मी मागे वळून बघितलं. ती मुलगी बाकाच्या कडेला, पदर मुठीत धरून, पडद्याकडे बघत होती. हिरवी अक्षरं वर सरकत होती आणि तिचे ओठ हलत होते. स्वतःला दाखवून घ्यायचीच सवय असलेली मुलगी पहिल्यांदा शेकडो मुलगे रांगेने बघत होती. कुणी तिला चालून दाखव म्हणत नव्हतं. तेव्हा मी वादात एक पाऊल मागे सरायला हवं होतं. मी म्हटलं, “वाचून काय करणार? शेवटी कागद बापाच्याच हातात.” तू प्रिंटरची शाई बदलत राहिलास.

शैलाला मी आणलं ते इतर बापांसारखंच. आईवडील गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं, आणि गावाकडचे चुलते, आप्पा, दर भेटीत विचारायचे, पोरगी घोडनवरी झाली, तुझी पुस्तकं संपली काय? तिला बघून गेलेली स्थळं मी सांगत नाही. तिने एकदा फक्त विचारलं होतं, “दादा, पोहे बदलून शिरा करून बघूया काय?” मी हसलो नव्हतो. तर मी आमची जात सांगितली, मशीन चालू झालं, आणि मीही चहाला गेलो. तुझ्याशी वाद घालणारा मी, तुझ्याच नियमाने गेलो.

परत आलो तेव्हा यादी छापून झाली होती. शैलाने ती बघितलीसुद्धा नव्हती. ती तुला म्हणत होती, “मगाशी एक लोंढ्याचं गेलं. मागं घेता येतंय?”

तू घेतलंस. लोंढा स्टेशनवर क्लार्क. आमच्या खोक्यातला नव्हता. तुमच्याही खोक्यातला नव्हता. अपेक्षांच्या खान्यात सगळ्यांनी गोरी, गृहकृत्यदक्ष, नोकरी असल्यास उत्तम असं लिहिलेलं. याने लिहिलं होतं, ‘बोलकी असावी. इथे गाडी निघून गेली की’. एवढंच. त्या खान्यात ठरावीक अक्षरंच मावत, पुढचं तुटलेलं होतं.

“पुढं काय?” शैलाने विचारलं.

“जागा संपली,” तू म्हणालास. “मूळ कार्ड कपाटात असंल. काढू?”

“नको. त्यास्नीच इचारते.”

मी तिथेच तुझ्यावर घसरलो. तू हे घडवून आणतोस, म्हटलं. तुझ्या घरी सांगायला कुणी चुलता नाही, इथे आप्पा माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाहीत. तू शांतपणे म्हणालास, “मी काय केलं? मशीन हळू हाय.” शैला हसली. मला हसू आलं नाही, आणि आपण काही दिवस बोललो नाही. मग तू आजारी पडलास आणि अबोल्याला वेळ उरला नाही.

तू गेल्यावर अध्यक्षांनी बाहेरून दुसरा ऑपरेटर आणला. त्याने जातीवर इंडेक्स केला. एक ओळ लागली, यशवंता. एकच ओळ, आणि थोडा वेळ मशीन घरघरलं. नोंदी दिसण्याचंही त्याने बंद केलं. मी ज्याच्यासाठी तुझ्याशी इतकं भांडलो ते झालं, आणि मी मान्य करतो, छान चालतंय. बाप येतो, जात सांगतो, टेकायच्या आत यादी हातात, पुढची बस गाठतो. आता मुलींना बरोबर आणत नाहीत. कशाला आणतील? चहावाला मला विचारतो, मंडळ बंद पडलं काय?

वादात मी हरलो असं मी म्हणणार नाही. कामाचं यंत्र मुद्दाम रखडवणं मला अजून पटत नाही. तू अध्यक्षांना तोंडावर का सांगितलं नाहीस, डिस्कच्या जागेच्या गोष्टी का केल्यास, हे मला विचारायचं होतं. उत्तर मला माहीत आहे असं वाटतं: तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी तुझ्यावर भाषण केलं असतं, ‘आमचा यशवंत’ म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून करून घेतलं असतं. तुला तेवढा काळ हवा होता. मिळाला तेवढा तू वापरलास. पण हे मी तुझ्या वतीने बोलतोय, आणि माझ्या वतीने बोललेलं तुला कधी खपलं नाही.

शैलाला मी तुझ्या शोकसभेहून परत आल्यावर सांगितलं, पत्र टाकूया. ती म्हणाली, “मी टाकलंय.”

काल आम्ही लोंढ्याला जाऊन आलो. ती आणि मी, दोघंच. आप्पांचा निरोप आला होता, तिथे दिलीस तर लग्नाला येणार नाही. मी ती चिठ्ठी पिशवीत घातली आणि वर केळी ठेवली. गाडी वेळेवर पोचली. घरात तो, आणि त्याला वाढवलेल्या त्याच्या आत्या. पोहे त्यानेच केले होते, मीठ कमी होतं. खाऊन झाल्यावर तो आणि शैला प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेले. तिने त्याला ते अर्धं वाक्य विचारलं असणार. काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. लांबून एवढंच दिसलं की तिने बोलता बोलता हात वर केले, जसे ती लहानपणी गोष्ट सांगताना करायची. गाडी गेल्यावर तिथे खरंच फार शांत होतं.

आत्यांनी तोवर ताटात नारळ, टॉवेल आणि टोपी काढून ठेवली होती. आपल्याकडे मध्यस्थाचा मान असतो तो.

“जमवलं कुणी म्हणायचं?” त्यांनी विचारलं. “मधी कोण हाय?”

मी कॉम्प्युटर म्हणणार होतो. खरं तर वाक्य सुरूही केलं होतं. दारातून शैला आत येत होती, ती म्हणाली, “यशवंतदादा.”

“मग त्यास्नी का आणलं न्हाईसा?”

शैलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “ते गेले, आत्या. महिना झाला.”

 मला वाटलं, आता त्या ताट आत नेतील. त्यांनी टॉवेलची घडी नीट केली, टोपी त्यावर ठेवली, नारळ ठेवला आणि सगळं माझ्या पिशवीत घातलं.

“घरी द्या,” म्हणाल्या. “घरात कोण तर असंल न्हवं?”

वहिनी निपाणीला, तुझ्या आईजवळ आहेत. रविवारी नेऊन देतो. टोपी पांढरी, कडक खळ दिलेली आहे. असली टोपी घालणाऱ्यांची तू आयुष्यभर टिंगल केलीस, ते मी आत्यांना सांगितलं नाही. तुझ्या आईला सांगेन. तिला हसू येईल.